हातावर पोट असणाऱ्यांची सरकारी मदत: नाव यादीत कसं आणायचं, पैसे खात्यात कसे उतरवायचे

१३ एप्रिल २०२१ च्या रात्री तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात कडक निर्बंध जाहीर केले आणि त्याबरोबर ५,४७६ कोटी रुपयांचं पॅकेजही. रिक्षावाल्यांना दीड हजार, फेरीवाल्यांना दीड हजार, घरकाम करणाऱ्या बायकांना दीड हजार. घोषणा ऐकताना लोकांच्या कानात ‘दीड हजार’ एवढंच राहिलं. पण प्रत्येक नावाआधी एक विशेषण होतं: ‘परवानाधारक’ रिक्षाचालक, ‘नोंदणीकृत’ फेरीवाले, ‘नोंदणीकृत’ घरेलू कामगार. पैसे कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे त्या विशेषणांनी त्याच रात्री ठरवून टाकलं होतं.

पगारदार माणसाची नोंद कंपनीकडे असते, पीएफ कार्यालयात असते. भाजीची हातगाडी लावणाऱ्याची नोंद कुठे असते? असलीच तर नगरपालिकेच्या सर्वेक्षणात. त्यामुळे संकट आल्यावर मदतीसाठी धावण्यात फारसा अर्थ नसतो. धावायचं ते आधी, आणि दोनच गोष्टींसाठी: यादीत नाव आणि पैसे घेऊ शकेल असं खातं. या दोन्ही गोष्टी कशा जुळवायच्या आणि त्यांच्या जोरावर महामारीत सुरू झालेलं, आजही चालू असलेलं, फेरीवाल्यांसाठीचं पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज कसं घ्यायचं, हे खाली दिलं आहे.

सुरुवात खात्यापासून

रांगेत उभं राहून अर्ज भरला, मंजूर झाला, पैसे मात्र आले नाहीत, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा खात्याचीच गडबड असते. ‘माझं आधार बँकेला लिंक आहे’ असं सगळेच सांगतात. पण लिंक दोन प्रकारचं असतं. खातं उघडताना बँकेने आधारची झेरॉक्स घेतली आणि संगणकात नंबर टाकला, हे झालं केवायसी. सरकारी अनुदान आधार क्रमांकावर पाठवलं जातं तेव्हा ते कोणत्या बँकेत उतरवायचं, हे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीवरून ठरतं. या नोंदीत एका आधारसमोर एकच बँक असते. तिला सीडिंग म्हणतात. केवायसी चार बँकांत असू शकतं, सीडिंग एकाच बँकेत.

आणि जिथे शेवटचं सीडिंग, तिथे पैसे. गोम नेमकी इथे आहे. गॅसच्या अनुदानासाठी कधीतरी एका बँकेत खातं उघडलं, नंतर मोबाइलच्या दुकानात पाच मिनिटांत पेमेंट बँकेचं खातं उघडून घेतलं आणि तिथे सीडिंगच्या संमतीवर अंगठा दिला. आता अनुदान त्या दुसऱ्या खात्यात जाणार, आणि माणूस पहिल्या बँकेत जाऊन पासबुक भरून घेत बसणार. एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यात दरमहा ५०० रुपये आले, तेव्हा ते थेट खातं क्रमांकावर होते. प्रत्येक योजना मात्र तशी चालत नाही.

तपासणी सोपी आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने आत गेलात की ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा पर्याय दिसतो. तिथे बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द दिसला पाहिजे. खाते क्रमांक तिथे पूर्ण दिसत नाही, म्हणून त्या बँकेत आपली दोन खाती असतील तर कुठल्या खात्यात पैसे उतरतील हे शाखेत विचारूनच घ्या. बँक बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. काउंटरवरचे साहेब ‘झालं’ म्हणाले, एवढ्यावर घरी येऊ नका.

ओटीपीसाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा, हे वेगळं सांगायला नको. पण सिमकार्ड बदलून तीन वर्षं झाली आणि आधारवर जुनाच नंबर आहे, असं सर्रास आढळतं. मोबाइल नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. हे काम पहिल्याच दिवशी उरका, कारण पुढची प्रत्येक पायरी ओटीपीवर उभी आहे.

खात्याच्या आणखी दोन अडचणी. दोन वर्षं आपण स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, मग केवायसीचे कागद पुन्हा देऊन ते चालू करून घ्यावं लागतं. दुसरी, पूर्ण केवायसीशिवाय उघडलेलं ‘छोटं खातं’. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देऊ लागलं की चालत्या गाडीची लाखाची मर्यादा काही महिन्यांत संपते आणि खातं अडकतं. आधार किंवा दुसरं अधिकृत ओळखपत्र देऊन ते नेहमीचं बचत खातं करून घ्या.

रिक्षावाल्यांचे दीड हजार: कोण सुटलं

मे २०२१ मध्ये परिवहन विभागाने सानुग्रह अनुदानासाठी ऑनलाइन अर्ज घेतले. कागद अपलोड करायचे नव्हते. वाहन क्रमांक, परवाना क्रमांक, लायसन्सचा क्रमांक आणि आधार, एवढंच भरायचं होतं. सुमारे ७ लाख १५ हजार परवानाधारक धरून १०७ कोटींच्या आसपास तरतूद होती. घोषणेतला आकडा १२ लाखांचा होता.

एवढा सोपा अर्ज असूनही लोक सुटले, कारण परमिट एकाच्या नावावर आणि रिक्षा चालवणारा दुसराच, ही आपल्या शहरांतली जुनी रीत आहे. सकाळच्या पाळीला मालक, रात्रीच्या पाळीला बॅजवाला चालक. रात्रीच्या चालकाकडे लायसन्स आहे, बॅज आहे, पण परमिट नाही. अनुदान परमिटला होतं. आरटीओच्या नोंदीत त्याचं अस्तित्व चालक म्हणून होतं, परवानाधारक म्हणून नव्हतं. काही ठिकाणी परमिटधारक वारलेला, घरच्यांनी वारस नोंद केलीच नाही आणि रिक्षा मुलगा चालवतो. त्या घरातही पैसे पोचले नाहीत.

रिक्षा तुमच्या नावावर असेल तर तीन गोष्टी आजच जुळवून बघा: आरसी बुक, परमिट आणि आधार या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने आहे का, परमिटची मुदत संपलेली नाही ना, आणि आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर चालू आहे का. परमिट वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील तर वारसाच्या नावे हस्तांतराचा अर्ज पडून ठेवू नका. पाळीवर चालवणाऱ्याने ई-श्रम पोर्टलवर नोंद करावी. ई-श्रम २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं ते महामारीत असंघटित कामगारांची यादीच नव्हती म्हणून. १६ ते ५९ वयाच्या, आयकर न भरणाऱ्या आणि पीएफ किंवा ईएसआयमध्ये नसलेल्या कोणालाही तिथे फुकट नोंद करता येते. १२ आकडी क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाने लगेच पैसे मिळत नाहीत, पण पुढची यादी बनवताना सरकारकडे निदान नाव असेल.

फेरीवाल्याची नोंद: चार खाने

पीएम स्वनिधी १ जून २०२० रोजी सुरू झाली. पहिल्या टाळेबंदीत गाड्यांचं भांडवल खाऊन संपलं होतं, ते पुन्हा उभं करायला दहा हजारांचं विनातारण कर्ज, ही मूळ कल्पना. म्हणून पात्रतेची तारीखही २४ मार्च २०२० ठेवली गेली, टाळेबंदीची आदली तारीख: त्या दिवशी किंवा त्याआधी जो शहरात विक्री करत होता तो मूळ नियमानुसार पात्र. हे अनुदान नाही, कर्ज आहे, फेडायचं आहे, हे घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा. ‘मोदींचे दहा हजार’ म्हणून घेतलेलं आणि न फेडलेलं कर्ज आज सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, बसून बचत गटाच्या कर्जालाही आडवं येतं.

नियमावलीत विक्रेते चार खान्यांत बसवले आहेत. पहिला, ज्याच्याकडे पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे. दुसरा, सर्वेक्षणात नाव आहे पण प्रमाणपत्र हातात आलेलं नाही. याला योजनेच्या पोर्टलवरून तात्पुरतं प्रमाणपत्र निघतं. तिसरा, सर्वेक्षणातून सुटलेला किंवा सर्वेक्षणानंतर धंदा सुरू केलेला. चौथा, आसपासच्या गावांतून येऊन शहराच्या हद्दीत विकणारा. शेवटच्या दोघांना पालिकेचं किंवा नगर पथविक्रेता समितीचं शिफारसपत्र लागतं.

आपल्याकडे तिसरा खाना फुगलेला आहे, आणि ते विक्रेत्यांच्या आळसामुळे नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितलं आहे. मुंबईत २०१४ साली सर्वेक्षण झालं, सव्वा लाखाहून जास्त अर्ज वाटले गेले, ९९ हजारांच्या आसपास भरून आले, आणि त्यानंतरची वर्षं छाननी, पात्र-अपात्र आणि न्यायालय यांतच गेली. मधल्या काळात गाडी लावलेला माणूस कुठल्याच यादीत नाही.

आधी चौकशी करा, तुमचं नाव सर्वेक्षणात आहे का. पोर्टलवर शहर निवडून नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मोबाइल यांवरून शोधता येतं आणि नाव सापडलं की सर्वेक्षण संदर्भ क्रमांक मिळतो. शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. गणक मुलांनी ‘शिंदे’ तीन प्रकारे लिहिलेलं असतं. सापडलं नाही तरच शिफारसपत्राकडे वळा.

शिफारसपत्र

पालिकेत कुठे जायचं, याचं उत्तर गावागणिक बदलतं. कर्जाचं काम बहुतेक ठिकाणी नागरी उपजीविकेच्या कक्षात चालतं, ज्याला सगळे जुन्या अभियानाच्या नावावरून ‘एनयूएलएम’ म्हणतात. मोठ्या महापालिकांत समाज विकास विभाग. विक्री प्रमाणपत्राचं काम मात्र परवाना किंवा अतिक्रमण विभागाकडे असू शकतं, म्हणजे सकाळी गाडी उचलून नेणारा आणि दुपारी प्रमाणपत्र देणारा विभाग एकच. दाराशी विचारताना ‘स्वनिधीचं शिफारसपत्र’ म्हणा. नुसतं ‘फेरीवाल्याचं लायसन’ म्हटलंत की भलत्याच खिडकीवर पाठवतात.

पुराव्यासाठी नियमावलीत मोकळीक आहे. विक्रेता संघटनेचं सदस्यत्व कार्ड, धंद्यासाठी पूर्वी घेतलेल्या कर्जाचे कागद, पालिकेची बाजार शुल्काची पावती, दंडाची पावतीसुद्धा. दंड झाला याचा अर्थ त्या दिवशी त्या जागी तुम्ही होतात. टाळेबंदीत राज्याने दिलेल्या एकवेळच्या मदतीचा कागद किंवा नोंदही चालते. म्हणजे ज्याला आधी अशी मदत मिळाली, त्याला शिफारसपत्रही सोपं गेलं. यातलं काहीच नसेल तर साध्या कागदावर स्थानिक चौकशीची मागणी करता येते. मजकूर एवढा पुरतो:

‘प्रति, मा. मुख्याधिकारी, … नगरपरिषद. विषय: पीएम स्वनिधी योजनेसाठी शिफारसपत्र मिळणेबाबत. महोदय, मी … वर्षांपासून … बसस्थानकासमोर, … दुकानाच्या बाजूस हातगाडीवर फळे विकतो. विक्रीची वेळ सकाळी ८ ते दुपारी २, आठवडी सुट्टी … वार. पथविक्रेता सर्वेक्षणात माझे नाव समाविष्ट नाही. तरी जागेवर चौकशी करून मला शिफारसपत्र देण्यात यावे, ही विनंती. सोबत: आधारची प्रत, जागेवरील गाडीसह फोटो.’

जागा आणि वेळ नेमकी लिहा. चौकशीला माणूस दुपारी चारला आला आणि तुमची गाडी दोनला उठते, तर त्याच्या अहवालात ‘जागेवर आढळून आले नाही’ असं जातं. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का घेतला नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पंधरा दिवसांत शिफारसपत्राचा निर्णय व्हायला हवा, आणि ते दिल्यावर महिन्याच्या आत विक्री प्रमाणपत्र द्यावं, असं नियमावली म्हणते. पंधरा दिवस उलटले की आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. तरीही हलत नसेल तर ‘आपले सरकार’वर तक्रार नोंदवा किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्ह्याचा लोकशाही दिन गाठा. तिथे आवक क्रमांकाचा शिक्काच बोलतो.

एक गैरसमज इथेच मोडलेला बरा. शिफारसपत्र हा विक्रीचा परवाना नाही. ते दाखवून जागेवर हक्क सांगता येत नाही. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवू नये, असं कायद्याचं कलम ३ म्हणतं, तो आधार वेगळा. दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पण एकाच्या जागी दुसरा दाखवू नका.

ऑनलाइन अर्ज

अर्ज स्वतः मोबाइलवरून भरता येतो, सीएससी म्हणजे सामायिक सेवा केंद्रातून भरता येतो किंवा पालिकेचे समुदाय संघटक भरून देतात. शेवटचा मार्ग सगळ्यात बरा, कारण त्यांना तुमच्या शहरातल्या शाखा माहीत असतात. बसण्याआधी हाताशी ठेवा: आधार, आधारला जोडलेला मोबाइल (बायकोच्या नावे अर्ज असेल तर तिचा, तुमचा नव्हे), दुसरं ओळखपत्र, पासबुकाचं पहिलं पान, प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र, आणि यूपीआय आयडी असेल तर तो.

अर्जात तीन ठिकाणी हमखास चुकतं.

नाव. आधारवर ‘संगीता बाळू पवार’, पासबुकावर ‘संगिता बी पवार’, शिफारसपत्रावर माहेरचं आडनाव. माणसाला कळतं, बँकेच्या संगणकाला कळत नाही. आधार प्रमाण मानून बाकीचं त्याच्याशी जुळवा; उलट करू नका, आधारवरचं नाव बदलणं जास्त त्रासाचं.

महिन्याची विक्री. लोक घाबरून तीन हजार लिहितात, नाहीतर शेखी मिरवत साठ हजार. विक्री आणि कमाई वेगळी असते. रोज आठशेची भाजी घेऊन हजाराला विकली आणि महिन्यात २५ दिवस गाडी लावली, तर विक्री २५ हजार, सुटतात पाच. बँक अधिकारी हाच हिशोब तोंडी विचारतो. कागदावर आणि तोंडात वेगळे आकडे आले की फाइल बाजूला पडते.

तिसरी चूक बँक निवडताना. जिथे तुमचं चालू बचत खातं आहे आणि जी तुमच्या गाडीच्या जवळ आहे तीच शाखा निवडा. केंद्रवाल्याने यादीतली पहिली बँक टिचकी मारून टाकली की अर्ज दहा किलोमीटरवरच्या अशा शाखेत जातो जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. मग ‘ग्राहकाशी संपर्क झाला नाही’ म्हणून परत.

अर्ज गेला की अर्ज क्रमांक लिहून घ्या, स्क्रीनशॉटही काढा. आणि पुढचे काही दिवस अनोळखी नंबरचे फोन उचला. शाखेतला फोन बहुधा अनोळखीच असतो. उलट बाजूची काळजी अशी, की ‘कर्ज मंजूर झालं, प्रोसेसिंगचे ५०० पाठवा’ असाही फोन येतो. तो शाखेचा नसतो. पोर्टलवरच्या अर्जाला पैसे लागत नाहीत. केंद्रवाला फार तर त्याच्या कामाचे आणि झेरॉक्सचे घेईल.

बँकेच्या काउंटरवर

पहिलं कर्ज विनातारण आहे. जामीनदार आणा, सोनं ठेवा, मुदत ठेव करा, असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांगा की या कर्जाला सूक्ष्म उद्योगांसाठीच्या हमी न्यासाची हमी आहे. आवाज चढवू नका. पुढच्या तीन वर्षांत याच टेबलावर तुम्हाला दुसरं आणि तिसरं कर्ज मागायचं आहे.

नकार बहुतेक वेळा सिबिलवरून येतो. आणि बऱ्याचदा तो माणसाला माहीतच नसलेल्या थकबाकीवरून येतो: मोबाइलचा हप्ता, गटाच्या कर्जात दुसरीने थकवलेली रक्कम, सहीपुरता जामीन राहिलेलं मेव्हण्याचं ट्रॅक्टर. शाखेत जाण्यापूर्वी स्वतःचा अहवाल बघून घ्या, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. जुनी रक्कम चुकती केली असेल तर ‘नो ड्यूज’ दाखला सोबत न्या. मात्र ‘सेटलमेंट’ करून मिटवलेलं खातं अहवालात तसंच लिहून येतं आणि ते फेडल्यासारखं धरलं जात नाही.

किती मिळतं, किती पडतं

मूळ योजनेत पहिलं कर्ज १०,००० रुपयांपर्यंत, दुसरं २०,००० आणि तिसरं ५०,००० पर्यंत होतं. २७ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिला टप्पा १५,००० पर्यंत, दुसरा २५,००० पर्यंत नेला. तिसरा ५०,००० च राहिला. शहरालगतच्या भागांतल्या विक्रेत्यांसाठीही टप्प्याटप्प्याने दार उघडलं गेलं. जुलै २०२५ अखेरपर्यंत देशभर ६८ लाखांहून जास्त विक्रेत्यांना ९६ लाख कर्जं दिली गेली होती, रक्कम १३,७९७ कोटी. कर्जांचा आकडा माणसांपेक्षा मोठा आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांमुळे.

वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के अनुदान मिळतं. ते हप्त्यातून कमी होत नाही, तिमाहीने खात्यात वेगळं जमा होतं. म्हणून ‘हप्ता तर पूर्णच कापला’ ही तक्रार घेऊन जाऊ नका. पासबुक तिमाहीनंतर भरून बघा.

समजा १५,००० रुपये बारा महिन्यांसाठी १२ टक्क्यांनी घेतले. हप्ता १,३३३ रुपयांच्या आसपास बसतो. वर्षाचं व्याज ९९३. त्यातलं ५७९ च्या आसपास अनुदानाने परत येतं, पदरचे जातात साधारण ४१४. आता शेजारच्या डेलीवाल्याशी, म्हणजे रोजच्या वसुलीवर पैसे देणाऱ्या सावकाराशी, ताडून बघा. तो दहा हजार म्हणतो, हातात साडेआठ देतो आणि शंभर दिवस रोज शंभर गोळा करतो. शंभर दिवसांत दीड हजार गेले, तेही साडेआठ हजारांवर, आणि ती रक्कमसुद्धा पूर्ण शंभर दिवस तुमच्याकडे नव्हती.

डेलीवाल्याची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: तो रोज मागतो. महिन्याच्या पाच तारखेला एकदम १,३३३ काढणं गाडीवाल्याला जड जातं. रोज संध्याकाळी ४५ रुपये वेगळ्या डब्यात, किंवा त्याहून बरं म्हणजे कर्जाच्या खात्याशी जोडलेल्या बचत खात्यात टाका. खात्यात पैसे नसताना हप्ता आला की परतावणीचा दंड वेगळा बसतो. सलग नव्वद दिवस थकलं की खातं बुडीत धरलं जातं आणि अनुदान बंद होतं. पावसाळा, आजारपण, गावची जत्रा, मुलीचं लग्न, जे काही ठाऊक आहे त्याच्या आधीच एक हप्ता जास्तीचा खात्यात ठेवा. हाताशी पैसे आले तर मुदतीआधी फेडायलाही दंड नाही.

कॅशबॅक आणि क्यूआरचा घोळ

मूळ योजनेत महिन्याला ५० डिजिटल व्यवहारांवर ५० रुपये, १०० वर ७५ आणि २०० वर १०० रुपये असा हिशोब होता, म्हणजे वर्षाला १,२०० पर्यंत. आता किरकोळ विक्री आणि घाऊक खरेदी दोन्ही धरून ही मर्यादा १,६०० पर्यंत आहे. वरचे पदरचे ४१४ यातून सहज भरून निघतात. २०० व्यवहार म्हणजे रोज सात. वडापावच्या गाडीला ते सकाळी नऊच्या आत होतात. चप्पल शिवणाऱ्याला किंवा जुन्या भांड्यांवर नवी देणारीला अवघड जातं, तिथे पन्नासचा टप्पा धरावा आणि मंडईतल्या खरेदीचे पैसे मोबाइलवरून द्यावेत.

कॅशबॅक न येण्याचं नेहमीचं कारण गाडीवर टांगलेला क्यूआर. तो मुलाच्या नावाचा असतो. मोबाइल मुलाचा, बँक मुलाची, साउंडबॉक्स ‘शंभर रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडतो आणि पैसे मुलाच्या खात्यात पडतात. कर्ज आईच्या नावावर. तिच्या नावाने महिन्याला शून्य व्यवहार. कर्ज ज्याच्या नावे त्याच्याच खात्याचा क्यूआर हवा, आणि तो यूपीआय आयडी स्वनिधीच्या नोंदीत चढलेला हवा. कर्ज वाटप झाल्यावर शाखेत किंवा पालिकेच्या कक्षात ‘माझा आयडी पोर्टलवर चढवला का’ एवढं विचारून घ्या. नंतर कंपनी बदलून नवा क्यूआर लावला तर पुन्हा तेच काम करावं लागतं. जुना आयडी नोंदीत राहतो आणि व्यवहार मोजले जात नाहीत. खातं तेच असलं तरी आयडी बदलतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या टप्प्याकडे

शेवटचा हप्ता कापला म्हणजे कर्ज बंद झालं असं नाही. खात्यात कधी अकरा रुपये, कधी चाळीस रुपये व्याजाचे उरतात, आणि पोर्टलवर कर्ज चालूच दिसतं. शाखेत जाऊन उरलेली रक्कम विचारा, ती भरा, खातं बंद करायला सांगा आणि दाखला घ्या. पोर्टलवर ‘बंद’ दिसल्यावरच दुसऱ्या टप्प्याचा अर्ज पुढे सरकतो. दुसऱ्या अर्जाला शिफारसपत्र पुन्हा काढावं लागत नाही, पण मोबाइल तोच लागतो. दुसरं कर्ज वेळेत फेडलेल्यांसाठी यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही आता योजनेत आहे. पहाटे मंडईत माल उचलून संध्याकाळी पैसे करणाऱ्याला ते सोयीचं पडतं. मात्र बिलाची तारीख चुकली तर त्यावर योजनेचं ७ टक्के अनुदान नाही, कार्डाचं नेहमीचं व्याज लागतं.